मुलांचे सण आणि वडीलधाऱ्यांच्या थापा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून कोणाचे तरी चार शब्द ऐकावेत, आणि पटले नाहीत तर घरी जाताना त्यावर भांडावे, ही चांगली सवय मराठी माणसाला लागली आहे. आम्ही कोनचे. पनवेलहून जुन्या पुणे रस्त्याला लागले की थोड्याच वेळात आमचे गाव येते. आमच्यासारख्या युनियनवाल्याला व्यासपीठावर उभे केले म्हणजे तो किमान वेतनावर नाही तर कंत्राटी पद्धतीवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरून येतात. चिटणीसांनीही तोच विषय सुचवला होता. आम्ही तो बदलून मागितला. कारण असे की, फाटकावरच्या सभेत कामगार आम्हाला पगाराचे विचारतात, पण सभा संपल्यावर टपरीवर चहा घेताना घरचे विचारतात. एका बाईने विचारले, "दादा, आमचा पोरगा म्हणतो, बाप्पा मोदक खातो तर ताटातले कमी कसे होत नाहीत? त्याला काय सांगू? खोटं सांगितलं तर ते बरं नाही, आणि खरं सांगितलं तर सणाची मजा जाते."

हा प्रश्न आम्हाला कोणत्याही मागणीपत्रातल्या मागणीइतका महत्त्वाचा वाटला. लहान मूल आपल्यावर विश्वास टाकून बसलेले असते. त्या विश्वासाचे आपण काय करतो, हा काही पोरखेळ नव्हे.

आता आधी आपल्याकडे या बाबतीत काय चालते ते पाहू. पेण आपल्यापासून दूर नाही. पेण तालुक्यातली हमरापूर, जोहे ही गावे म्हणजे गणपतींचे कारखानेच. आमच्या बाजूचे पुष्कळ बाप मुलाला घेऊन मूर्ती ठरवायला तिकडे जातात. मुलाला तिथे काय दिसते? लांबच लांब मांडवात शेकडो गणपती ओळीने बसलेले. कोणाला सोंड आहे पण रंग नाही, कोणाला रंग आहे पण डोळे नाहीत. साच्यातून निघालेले हात वेगळे ठेवलेले आहेत. डोळ्यांच्या आखणीला बसलेला कारागीर श्वास रोखून एक रेघ ओढतो आणि पुढची मूर्ती जवळ घेतो. कोपऱ्यात बाया मुकुटाला सोनेरी लावीत आहेत आणि मजुरीचा हिशेब बोलत आहेत. मुलापासून यातले काहीही लपवलेले नसते. हा मातीचा आहे, तो माणसांनी घडवला, त्याची किंमत अमुक ठरली आणि बापाने त्यातले पन्नास कमी करून घेतले, हे सगळे त्या चार वर्षांच्या पोराने डोळ्यांनी पाहिलेले असते.

तरीही चतुर्थीला तोच गणपती पाटावरून घरात येतो, त्याची प्राणप्रतिष्ठा होते, आणि त्या पोराला घटकाभरही असे वाटत नाही की आपल्याला कोणी फसवले. आमच्या मते यात फार मोठे शहाणपण आहे. प्राणप्रतिष्ठा म्हणजे तरी काय? ही माती होती, आता आपण हिला देव मानले, हे चारचौघांत जाहीर करणे. आणि दीड दिवसांनी, पाच दिवसांनी, ज्याच्या त्याच्या रीतीने, उत्तरपूजा करून अक्षता टाकायच्या, मूर्ती जागेवरून किंचित हलवायची, म्हणजे ते मानणे संपले. देव बोलावला तो आपण, निरोप दिला तोही आपण. जगातल्या पुष्कळ धर्मांनी देवाविषयी मोठमोठे दावे केले आहेत. आपल्या या घरगुती विधीत मात्र मानण्याची सुरुवातही उघड आहे आणि शेवटही उघड आहे. देव आहे की नाही या वादात आम्ही आज पडत नाही. युनियनच्या सभासदांत दोन्ही मतांचे लोक आहेत आणि दोघांचीही वर्गणी आम्हाला सारखीच. पण लहान मुलाशी सचोटीने वागावयाचे कसे, याचा धडा मात्र आस्तिकाने आणि नास्तिकाने दोघांनीही या विधीतून घ्यावा.

गौरीचेही तसेच. आपल्या रायगडात पुष्कळ घरांतून तेरड्याची गौर येते. तेरडा काही दुर्मीळ झाड नव्हे, श्रावणभादव्यात बांधावर माजलेला असतो आणि पोरे तो रोज तुडवीत जातात. अनुराधा नक्षत्रावर त्याच तेरड्याची जुडी घरातली मुलगी किंवा सून उंबऱ्यापाशी घेऊन येते. आतल्या बाया विचारतात, कोण आली? बाहेरची म्हणते, गौर आली. काय घेऊन आली, कशाच्या पावलांनी आली, अशी विचारणा चालते. मग तिला घरभर फिरवतात, कणगी दाखवतात, चूल दाखवतात, आता कणगीच्या जागी पत्र्याचा डबा आणि चुलीच्या जागी गॅस दाखवतात. विचारणारीला ठाऊक असते कोण आली ते, उत्तर देणारीलाही ठाऊक असते. आठ वर्षांच्या ज्या मुलीच्या हातात ती जुडी असते तिनेच सकाळी ती ओढ्याकाठून उपटून आणलेली असते. तिच्या चेहऱ्याकडे कधी नीट पाहा. आपल्यावर मोठी कामगिरी सोपवलेली आहे असा तो चेहरा असतो. भोंडल्यात खिरापत ओळखायची असते तेव्हाही असेच. डब्यात काय आहे ते वासावरून निम्म्या मुलींना कळलेले असते, तरी शेव, चिवडा, लाडू अशी नावे घेत सगळ्या जणी गंमत लांबवतात.

सांगायचा मुद्दा हा की, आपल्या सणांतली जी चांगली सोंगे आहेत त्यांत फसवणारा एक आणि फसणारा दुसरा, अशी वाटणी नसते. सगळे मिळून मानतात. आणि मूल त्यात नुसते बघे नसते, कामावर असते. कोणी दूर्वा निवडते, कोणी टाळ वाजवते, कोणी गौर धरते. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. काम करणाऱ्याला त्या कामाचे आतले ठाऊक असते, त्याला बाहेरचा माणूस सहसा फसवू शकत नाही, हा आमचा नेहमीचा अनुभव. मुलांनाही तो लागू आहे.

मग त्या बाईच्या मोदकांचे काय? आम्ही तिला विचारले, मोदक कोण करते? म्हणाली, मी. म्हटले, मग पुढच्या वेळी पोराला उकड मळायला बसवा, एक वेडावाकडा मोदक त्याच्या हातचा होऊ द्या, आणि नैवेद्य दाखवताना त्याला सांगा की आपण बाप्पाला दाखवतो आणि मग आपण खातो. शब्दच बघा, नैवेद्य "दाखवतात", भरवतात असे कोणी म्हणत नाही. भाषेनेच खरे सांगून ठेवले आहे. थाप मारावी लागते ती आपणच, घाईघाईने, पोर प्रश्न विचारते म्हणून कंटाळून.

विसर्जनाच्या दिवशी मुले रडतात, तेव्हा "बाप्पा आपल्या गावाला गेला" असे सांगण्याची रीत आहे. काही शिकलेले लोक यालाही नाके मुरडतात. आम्ही मुरडत नाही. गावाला जाणे म्हणजे काय हे आपल्या मुलांना फार चांगले कळते. गिरणगावातल्या मुलांना तर ते सर्वांत आधी कळे, कारण त्यांची निम्मी माणसे नेहमी गावाला गेलेली असत. मूर्ती पाण्यात विरताना पोर पाहते, परत येताना त्याच पाटावर मूठभर वाळू घरी आणतात ती पाहते, आणि त्याच वेळी बाप्पा गावाला गेला हेही ऐकते. या दोन गोष्टी त्याच्या मनात शेजारीशेजारी नांदतात. आजोबा गेले तेव्हा त्यांना जाळले हेही खरे आणि ते देवाघरी गेले हेही घरात बोलले जाते, हे पुढे त्याला समजून घ्यावयाचे असते. त्याची ही पहिली तालीम समजा. मात्र पोराने "म्हणजे विरघळला ना?" असे सरळ विचारले तर "हो, विरघळला" असे सरळ सांगावे. विचारले नसताना गोष्ट फोडू नये आणि विचारले असताना खरे दडवू नये. याउपर अवघड काही नाही.

आता अलीकडे आपल्याकडे आणखी एक पाहुणा येऊ लागला आहे. पनवेलच्या दुकानांतून डिसेंबरात तांबडी टोपी घातलेली पांढऱ्या दाढीची माणसे उभी असतात आणि इंग्रजी बालवाड्यांतून तर नाताळचा म्हातारा हटकून येतो. पाहुण्याशी आमचे वैर नाही. तो मूळचा संत निकोलस, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप, चौथ्या शतकातला. डच लोकांत त्याच्या नावाने ५ डिसेंबरच्या संध्याकाळी मुलांना भेटी देतात, आणि त्याच्या घोड्यासाठी मुले आपल्या जोड्यात गाजर ठेवतात. हे गाजराचे आम्हाला फार आवडले. मुलाने घोड्याची सोय केली म्हणजे ते थोडे तरी कामावर लागले. आणि आपल्या गोव्यात पाहा. तिथली ख्रिस्ती मुले नाताळचा गोठा स्वतः बांधतात, भाताची रोपे उगवून त्याचे शेत करतात. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री तिथलीच हिंदू पोरे वर्गणी काढून कागद आणि गवताचा नरकासुर उभा करतात आणि पहाटे जाळतात. गोठा काय, नरकासुर काय, दोन्हींत पोरांच्या हाताला चिकी लागलेली असते.

पण नाताळच्या म्हाताऱ्याची जी तऱ्हा आपल्याकडे दुकानदारीबरोबर आली तिच्यात सगळे मोठे एका बाजूला आणि मूल एकटे दुसऱ्या बाजूला, अशी रचना आहे. भेट बापाने विकत आणावयाची, रात्री गुपचूप उशाशी ठेवावयाची, आणि सकाळी म्हाताऱ्याचे नाव सांगावयाचे. १८९७ साली न्यू यॉर्कमध्ये व्हर्जिनिया ओहॅन्लन नावाच्या आठ वर्षांच्या मुलीने "सन" नावाच्या वर्तमानपत्राला पत्र लिहून विचारले की हा म्हातारा खरा आहे की नाही. त्या पत्राच्या संपादकवर्गातल्या फ्रान्सिस चर्च यांनी २१ सप्टेंबरच्या अंकात सही न करता उत्तर लिहिले की आहे, आणि प्रेम व औदार्य जसे आहे तसा आहे. ते उत्तर पुढे वर्षानुवर्षे छापले गेले आणि जगप्रसिद्ध झाले. भाषा सुंदर आहे, यात शंका नाही. पण आम्हाला वाटते, त्या पोरीने एक विचारले आणि गृहस्थांनी दुसरेच सांगितले. व्यवस्थापनाची पत्रे आम्ही बरीच वाचलेली आहेत, तेव्हा ही हातोटी आमच्या ओळखीची आहे.

या प्रश्नावर मोठ्या शिक्षणवेत्त्यांतही एकमत नाही. मारिया मॉन्टेसोरी या विदुषीचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ ला रोममध्ये सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत उघडले. योगायोग असा की ६ जानेवारी हा इटलीत बेफाना नावाच्या म्हातारीचा सण, ही म्हातारी रात्री येऊन मुलांना खाऊ ठेवून जाते अशी तिकडची समजूत. आणि मॉन्टेसोरीबाईंचे मत याच्या नेमके उलट. त्यांचे म्हणणे असे की, मोठ्यांनी सांगितलेली अद्भुत गोष्ट मूल खरी मानते ही मुलाची कल्पनाशक्ती नव्हे, तो त्याचा भाबडेपणा. कल्पना लढवली ती मोठ्यांनी, मुलाने फक्त विश्वास ठेवला. लहान वयात मुलाच्या हाती खरी वस्तू द्या, खरे काम द्या, असा त्यांचा आग्रह. १९३९ साली त्या हिंदुस्थानात आल्या, पण त्यांचा विचार त्यापूर्वीच इथे रुजलेला होता. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले ते त्यांच्याच पद्धतीने. मात्र गिजुभाईंनी एक गोष्ट ऐकली नाही. त्यांनी मुलांना कोल्ह्याच्या, चिमणीच्या, राजाच्या लोककथा पोटभर सांगितल्या आणि गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि दोघींनी १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली. महागडी साधने नव्हती, तेव्हा बिया, शंख, शिंपले, पाने यांची साधने केली.

यात बरोबर कोण? आमच्यासारख्या अर्ध्यावर शाळा सुटलेल्या माणसाने एवढ्या थोरांत निवाडा करू नये, पण भाषण द्यावयाचे तर मत हवे. मॉन्टेसोरीबाईंचे निदान आम्हाला पटते, पथ्य पटत नाही. भाबडेपणाचा फायदा घेणे वेगळे आणि कल्पना वेगळी, हे त्यांनी अचूक ओळखले. पण म्हणून गोष्टच नको, सोंगच नको, असे कशाला? काठीचा घोडा करणारे पोर ती काठी आहे हे विसरलेले नसते. आईने हाक मारली की घोडा भिंतीला टेकवून जेवायला येते. त्या घोड्याला आपण "होय, घोडाच आहे, याला चंदी घाला" म्हणण्याने त्याची फसवणूक होत नाही, कारण घोडा त्याने केलेला आहे.

आता आमच्या खऱ्या तक्रारीकडे येतो. सणाच्या सोंगाचे दोन वाईट उपयोग आम्ही घराघरांतून पाहिले आहेत. पहिला आमिषाचा. "शहाण्यासारखा वागलास तर बाप्पा सायकल देईल, सांता मोटार आणील." यातली मेख गरिबाच्या घरी कळते. दिवाळी आणि बोनस यांचे नाते इथे बसलेल्या सर्वांना ठाऊक आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांनी बोनससाठी १९२४ सालीच मोठा संप केला होता, १९६५ साली बोनसचा कायदा झाला, आणि किमान प्रमाण पुढे ८.३३ टक्के ठरले, म्हणजे वर्षाला एक पगार. मुलाचे कपडे, फटाके, फराळ हे सगळे त्या एका पगारातून निघते. एका कारखान्यात, नाव घेत नाही, एका वर्षी दिवाळी आली तरी बोनस निघाला नाही. आमच्या एका सभासदाच्या सहा वर्षांच्या मुलीला घरी सांगून ठेवले होते की चांगल्या मुलींना लक्ष्मी नवा फ्रॉक आणते. लक्ष्मीपूजन झाले, फ्रॉक आला नाही, शेजारच्या मुलीला आला. पोर दोन दिवस गप्प होती. मग आईला म्हणाली, "मी काय केलं गं?"

बंधूंनो, मालकाने पैसे दिले नाहीत आणि पोरीने दोष स्वतःकडे घेतला. याहून मोठा अन्याय आम्ही कोणत्याही चार्जशीटमध्ये वाचला नाही. भेटवस्तू चांगुलपणाप्रमाणे मिळते असे एकदा सांगितले की श्रीमंताचे पोर जास्त चांगले आणि गरिबाचे पोर कमी चांगले, हा हिशेब मूल आपोआप मांडते. आणि एकदा मनात बसलेला हा हिशेब मोठेपणीही सुटत नाही. पगार कमी असलेला कामगार आपली लायकीच कमी असे मानून खाली मान घालतो, त्याला वर बघायला लावण्यात आमची उमर गेली. म्हणून आमची कळकळीची विनंती आहे, घरात पैसे नसतील तर मुलाला तसे सांगा. "यंदा बाबांना बोनस मिळाला नाही, आम्ही तो मागतो आहोत, यंदा फटाके नाहीत, पण आकाशकंदील घरी करू." पाच वर्षांच्या मुलाला हे समजते. संपाच्या काळातल्या घरांतून आम्ही पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरी हीच वेळ आली. ज्यांच्या आईबापांनी खरे सांगितले त्या मुलांनी कामट्या तासून, खळ शिजवून कंदील केले आणि आज पन्नाशी उलटल्यावरही ती माणसे त्या कंदिलांविषयी अभिमानाने बोलतात.

दुसरा वाईट उपयोग भीतीचा. बागुलबुवा तर जुनाच. त्याच्या जोडीला पोलीस, सुई टोचणारा डॉक्टर, आणि सर्वांत वरचढ म्हणजे पोरे पळवणारा झोळीवाला. "जेव, नाहीतर झोळीवाला नेईल." सांगणाऱ्या आईला त्यात काही वावगे वाटत नाही. पण विचार करा, झोळी घेऊन दारात येणारी माणसे खरोखरीच आहेत. वासुदेव आहे, गोसावी आहे, बहुरूपी आहे. बहुरूपी हा तर सोंगाचा धंदेवाईक उस्ताद. पोलिसाचा वेष करून दारात येणार, तुमच्यावर वॉरंट आहे म्हणून दरडावणार, घर हादरले की हसून हात पुढे करणार. आमच्या लहानपणी वासुदेव आला की आई मूठभर तांदूळ आमच्या हातात देई आणि ते त्याच्या झोळीत घालण्याचा मान घरातल्या सर्वांत धाकट्याचा असे. पहाटे मोरपिसांची टोपी घातलेला तो माणूस पाहून छाती धडधडे, आणि झोळीत तांदूळ पडले की तो आपल्या घराण्याचे नाव घेऊन दान पावले म्हणे. भीतीचा शेवट ओळखीत होत असे. त्याच झोळीची आज आपण दहशत घालतो.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झाले ते आठवा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षुकीवर पोट भरणारे, सोलापूर जिल्ह्यातून आलेले. मुले पळवणारी टोळी आली अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. जमावाने त्या पाचही जणांना ठार मारले. मारणारे सगळे मोठे होते, आणि त्याला कारणे पुष्कळ असतील. लहानपणच्या बागुलबुवाने खून केले असे आम्ही म्हणत नाही. पण अनोळखी, फाटका, झोळीवाला माणूस म्हणजे पोरे नेणारा, ही गोष्ट त्या जमावातल्या कोणाला नवीन सांगावी लागली नसेल. ती जेवणाच्या घासाबरोबर भरवलेली होती. आपल्या मुलांना अनोळखी माणसापासून सांभाळावयाचे असेल, आणि सांभाळावयाचे आहेच, तर नियम सांगावा: आईला विचारल्याशिवाय कोणाबरोबर, ओळखीच्यासुद्धा, जायचे नाही. नियमाला सोंग लागत नाही आणि कोणा गरिबाचा चेहराही लागत नाही.

मूल मोठे होऊ लागले की एक दिवस येऊन विचारते, "हे सगळं खोटं आहे ना?" पुष्कळ आईबापांना त्या दिवसाची धास्ती वाटते. वाटू नये. त्या दिवशी मुलाला बढती द्यावी. कारखान्यात हेल्पर मशीनवर जातो तशी. "खरं आहे तुझं, हे आपण मोठी माणसं करतो. आता तू मोठा झालास. धाकटीला अजून कळायचं आहे, तेव्हा तिच्यासाठी उद्या तू करायचंस." असे म्हटले की हिरमुसलेले पोर कसे ताठ होते पाहा. पंगतीला वाढायला लागणे, आरतीचे तबक धरणे, मूर्ती आणायला पाटाला हात लावणे, या आपल्या घरातल्या बढत्याच होत. नाताळ करणाऱ्यांनीही हेच करावे, आम्हाला वाटते त्यांच्यातली शहाणी माणसे करीतही असतील. काही बालवाड्यांतून आषाढीला तीन-तीन वर्षांच्या मुलांना विठ्ठल-रखुमाई करून फोटोसाठी तासभर उभे करतात, घामाने मिशी ओघळते, आणि पोर रडत असते. त्याला टाळ द्या हातात आणि पळू द्या. विठ्ठल मोठ्या मुलांपैकी ज्याला व्हायचे तो होईल.

शेवटी आमच्या कोनचे एक गाऱ्हाणे या सभेपुढे मांडतो, कारण इथे नव्या वसाहतींच्या कमिट्यांवरची मंडळी बसलेली दिसतात. कोनला गिरणी कामगारांसाठी घरे झाली. डिसेंबर २०१६ मध्ये म्हाडाने त्यांची सोडत काढली. मग मध्ये करोना आला, त्या इमारतींत रुग्णांची सोय झाली, आणि घरांचा ताबा मिळायला लोकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. त्या घरांत ज्यांचा हक्क ते सत्तरी-ऐंशीचे, आणि खेळतात ती त्यांची नातवंडे. आजूबाजूला इतरही मोठाल्या इमारती उठल्या आहेत. या सगळ्या वसाहतींतून दिवाळीच्या किल्ल्याचा प्रश्न आहे. खाली फरशी, वर फरशी. किल्ला केला तर चिखल होतो म्हणून एका सोसायटीने फळ्यावर नोटीस लावली की आवारात माती आणू नये. मुलांनी मग दुकानातून प्लास्टरचा तयार किल्ला आणला, गॅलरीत ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून कोणी त्याच्याकडे पाहिले नाही. पाहणार कसे? दगड रचून, पोत्यावर चिखल थापून, अळीव पेरून, तो उगवला की नाही हे पहाटे उठून बघण्यात किल्ला असतो. कर्नाळ्याचा सुळका आमच्या रस्त्यावरून दिसतो, त्याकडे बोट दाखवून "तसा बुरूज कर" म्हणून भांडण्यात किल्ला असतो. मातीचा महाराज सिंहासनावर बसवताना तो मातीचा आहे हे पोरांना कळते आणि तरी चप्पल काढून बसवतात.

तेव्हा कमिटीवाल्यांनी एवढे करावे. पार्किंगच्या कडेची दहा बाय दहाची जागा आश्विन वद्य एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत पोरांना सोडावी. माती आम्ही देतो. कोन-सावळा रस्त्यावर आमच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत, ते बांधाची लाल माती आणि चार-सहा गोणपाट द्यायला तयार आहेत, टेम्पोचे भाडे युनियन सोसेल. नळीने आवार धुण्याचे काम मात्र पोरांकडूनच करून घ्यावे, आणि त्यांच्या बापांनाही हाताशी घ्यावे. ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर दाराशी वही ठेवली आहे तीत द्यावे.